लून तळ्याचा पंखा

१

पंखा जागेवर नव्हता.

स्मृतिगृहामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकामाचे दोन लाकडी घोडे होते आणि त्यांच्यावर काल संध्याकाळपर्यंत तो विमानाचा पंखा आडवा पडलेला होता. आता घोडे रिकामे होते. पंख्यावर घातलेली पांढरी चादर मात्र चोरानं नेली नव्हती. ती नीट चौकोनी घडी करून एका घोड्यावर ठेवलेली होती, पाहुणा निघून गेल्यावर अंथरूण ठेवावं तशी.

"चोर घड्या घालतात का रे कधी?" डोरीन पॅशलीबाईंनी विचारलं. त्या स्मृतिगृहाच्या अध्यक्ष होत्या आणि सकाळपासून त्यांचा आवाज चिरकत होता.

एम्ब्रोज लॅफर्टी दाराशीच उभा राहिला. आत जावं की न जावं, हेही त्याला कुणी सांगितल्याशिवाय ठरवता येत नसे. उमेदीची सगळी वर्षं त्यानं विलो पॉइंटच्या रेडिओ-खोलीत कानाला यंत्र लावून काढली होती. उत्तरेकडच्या निर्मनुष्य तळ्यांवर उतरणाऱ्या लहान विमानांचे आवाज तो ऐकायचा आणि हवामान सांगायचा. आता तो गावचं वाचनालय सांभाळत होता, म्हणजे बहुतेक वेळ स्वतःच पुस्तकं वाचत होता.

"पोलीस तळ्याच्या पलीकडे शिकाऱ्यांच्या भांडणात अडकलाय, उद्याशिवाय येत नाही," बाई म्हणाल्या. "सभा आज दुपारी आहे. तू बघ."

"मी? मी काय बघणार, डोरीनबाई?"

"तू ऐक. तुला ऐकता येतं. बाकी ह्या गावात सगळे बोलणारेच आहेत."

सभेत काय ठरायचं होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. स्मृतिगृहासमोर काळ्या दगडाची भिंत होती. ह्या मुलखात विमानासह गेलेल्या प्रत्येक वैमानिकाचं नाव तिच्यावर कोरलेलं होतं. एक नाव सोडून. लॉर्न टीसडेल तीस वर्षांपूर्वी लून तळ्यावर, स्वच्छ उन्हात, वारा पडलेला असताना विमानासकट पाण्यात गेला. आदल्या संध्याकाळी एका लग्नात तो प्यायला होता, हे शंभर जणांनी पाहिलं होतं. झिंगलेला होता, बरोबरच्या प्रवाशालाही घेऊन बुडाला, असा निकाल झाला. विमान खोल पाण्यात गेलं आणि तिथंच राहिलं.

ह्या उन्हाळ्यात तळ्याची मोजणी करणाऱ्या पाणबुड्यांना त्या विमानाचा पंखा सापडला. त्यांनी तो ताडपत्रीत गुंडाळून गावात आणून टाकला आणि ते निघून गेले. बातमी दक्षिणेत लॉर्नच्या मुलीपर्यंत पोचली. तिनं अर्ज केला की बाबांचं नाव भिंतीवर यावं. आज जुन्या वैमानिकांच्या मेळाव्यात त्यावर मत घ्यायचं होतं, आणि त्याआधी पंख्यावरची चादर दूर करायची होती.

"ती आली का?" एम्ब्रोजनं विचारलं.

"रूथ? सकाळच्या विमानानं आलीय. आत कॉफी घेतेय. तिला अजून सांगितलेलं नाही." बाईंनी चादरीची घडी उचलून छातीशी धरली. "तिला एवढंच बघायचं होतं रे. मी कोणत्या तोंडानं सांगू, की आमच्या गावानं तेही हरवलं?"

२

काल संध्याकाळी ताडपत्री सोडली तेव्हा शेडमध्ये फक्त जुनी उडणारी मंडळी होती. एम्ब्रोजलाही बोलावणं होतं, पण गर्दी त्याला सोसत नसे. तो गेला नव्हता. म्हणून आता त्याला दुसऱ्यांच्या डोळ्यांनी पंखा पाहायचा होता.

स्टॅन वॉयचिक स्मृतिगृहाच्या दिवाणखान्यात बॅनक खात बसला होता. तव्यावरच्या त्या जाड भाकरीवर त्यानं लोण्याचा थर दिला होता.

"ये रे, आकाशवाणी!" तो ओरडला. "चोर पकडायला निघालास म्हणे. मला धर. मला जेलात तरी बायकोच्या हातचं खावं लागणार नाही."

"काल पंखा पाहिलास ना, स्टॅन? कसा होता?"

"कसा म्हणजे? पंख्यासारखा." स्टॅननं तुकडा मोडला. "शेवाळ लागलेलं. मधल्या गोळ्यात शिंपल्या बसलेल्या. पिवळा रंग थोडा शिल्लक होता बघ, लॉर्नच्या कंपनीचा. गुन्नारचे डोळे भरून आले होते."

"आणि?"

"आणि काय? सगळे दोन मिनिटं टोपी काढून उभे राहिले. मग कॉफी." स्टॅन एकदम भाकरीकडे पाहू लागला. त्याचा विनोद संपला होता, आणि स्टॅनचा विनोद संपलेला एम्ब्रोजनं फार क्वचित पाहिला होता.

मेकॅनिक पर्सी अ‍ॅकर्स गॅरेजमध्ये सापडला. ह्या मुलखातलं प्रत्येक इंजिन कधी ना कधी त्याच्या हाताखालून गेलं होतं.

"पंखा जड होता का रे, पर्सी?"

"एकट्याला उचलणार नाही. दोघं लागतील."

"कसा दिसत होता?"

"घाण. चिखल. बोल्ट गंजलेले." पर्सीनं फडक्यानं आधीच स्वच्छ असलेला पाना पुन्हा पुसला. "दुसरं काही विचारायचं असेल तर विचार."

एम्ब्रोजला विचारायचं सुचेना. जाता जाता, संभाषण असं तुटू नये म्हणून, तो म्हणाला, "गुन्नार कुठं आहे? नाश्त्याला दिसला नाही."

"पेट्रोलच्या धक्क्यावर. लोकांच्या होड्यांत पेट्रोल गाळून घालतोय." पर्सी पहिल्यांदाच हसला. "त्याचं गाळणं काय सुटत नाही. आणि हाच माणूस आधी माझ्या इंजिनात पाणी भरून आणायचा, ठाऊक आहे? तीन वेळा कार्बुरेटर सोडवला मी त्याचा. गाळत बसणं म्हातारीचं काम, म्हणायचा. मग एका उन्हाळ्यात अचानक सुधारला."

"कोणत्या?"

"लॉर्न गेला त्याच. घाबरला असेल." पर्सीनं पाना ठेवला, आणि त्याचा चेहरा दार लावून घ्यावं तसा मिटला. "मला काम आहे, एम्ब्रोज."

गुन्नार हॉलक्विस्ट धक्क्याच्या अगदी टोकाच्या फळीवर बसला होता. विलो पॉइंटचा सर्वांत थोर वैमानिक तो. चादर त्याच्याच हातून दूर व्हायची होती. कुणीतरी त्याला नाश्त्याची बशी तिथंच आणून दिली होती आणि मासा तसाच थंड झाला होता. एका पोराच्या होडीच्या टाकीत त्यानं आपलं जुनं नरसाळं धरलं होतं. नरसाळ्यात नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा होता. पेट्रोल खाली जाई आणि पाण्याचा एखादा टपोरा थेंब वर राहून चमके. नरसाळ्याला बाहेरून लाल रंग होता, गुन्नारच्या कंपनीचा. आतल्या कडेला तो उडून पिवळा दिसत होता.

"स्टॅन म्हणतो, तू स्वर्गात गेलास तर आधी ढग गाळून घेशील," एम्ब्रोज म्हणाला.

"स्टॅनला सांग, तो तिथं येणारच नाही, त्याला काय करायचंय." गुन्नार हसला, पण उठला नाही. "वर उन्हात खुर्च्या टाकल्यात ना? मी इथंच बरा. पंख्याचं विचारायला आलास. काय सांगू? पाण्यातून वर काढलेलं प्रेत बघवतं का? मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं."

एवढ्यात डोरीनबाई धावत धक्क्यावर आल्या.

"सापडला! म्हणजे माणूस सापडला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पहाटे उजाडताना शेडच्या खाली आल्फॉन्स बेटसिनाची होडी लागलेली होती. बेकरीवालीनं पाहिलीय."

गुन्नारच्या हातातलं नरसाळं कलंडलं आणि पेट्रोल फळीवर सांडलं.

३

आल्फॉन्स खाडीच्या पलीकडे राहत होता, ह्या मुलखाच्या मूळ रहिवाशांच्या, आपल्या देने लोकांच्या वस्तीत. लून तळ्याचा सगळा काठ त्याच्या वाडवडिलांचा. तळ्यातलं तळ्यातच राहावं, असं पंखा आला तेव्हापासून तो उघड म्हणत होता. एम्ब्रोजला सगळं जुळल्यासारखं वाटलं. इतकं झटकन जुळतंय, ह्याचाच संशय यायला हवा होता, हे त्याला नंतर कळलं.

म्हातारा दारासमोर मासे धुरावर टांगत होता.

"ये. चोर शोधायला आलास ना?" त्यानं मागं न पाहता विचारलं. "चोराच्या घरचा चहा चालतो का तुला, की पंचाईत होईल?"

"तसं नाही, आल्फॉन्स. पण तुझी होडी—"

"होती. मी गेलो होतो."

"पंखा..."

"बघायला गेलो होतो. काल टोपीवाल्यांना दाखवलात. मला कुणी बोलावलं?" आता तो वळला. "त्या विमानात मदलेन होती. माझी बायको. पोटात दुखत होतं म्हणून लॉर्ननं तिला उचलून विमानात बसवलं. तुमच्या कागदात ती 'प्रवासी' आहे. मी उजाडताना गेलो, चादर वर केली, हात लावला, चादर परत घातली. घोड्यावर पंखा सोडून आलो. आता झडती घे. धुराखाली बघ, माशांच्या पोटात बघ."

एम्ब्रोजचे कान तापले. त्या प्रवाशाचं नाव जाणून घ्यावं असं तीस वर्षांत आपल्याला एकदाही वाटलं नाही, आणि आज त्याच बाईच्या नवऱ्याच्या दारात आपण चोराची चौकशी करतोय. त्याला मान वर करवेना.

"बस," आल्फॉन्स म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे आणखीच अवघड झालं. "पातं बघितलंस का तू?"

"नाही. मी काल गेलो नव्हतो."

"एक पातं सरळ आहे. हे असं, सुरीसारखं. दुसरं मागं दुमडलंय."

आल्फॉन्सनं पुढं केलेल्या चहाचा घोट घेता घेता एम्ब्रोज थांबला.

"मी तेव्हाच सांगितलं होतं," आल्फॉन्स म्हणाला. "काठावर उभा होतो मी. विमान पाण्यावरून उठलं, झाडांच्या वर गेलं आणि आवाज बंद पडला. आधी आवाज बंद. मग पडलं. चौकशीवाल्या साहेबांना सांगितलं. त्यांनी मला काय विचारलं माहीत आहे? 'तू किती प्यायला होतास?'"

"आणि पेट्रोल? लॉर्ननं तिथं पेट्रोल भरलं होतं?"

"त्याच्याच कंपनीच्या साठ्यातलं. वर पाणी साचू नये म्हणून भरलेली पिंपं आडवी निजवलेली असतात, तुला ठाऊक आहे. ती सगळी कंपनीच्याच लोकांनी आधी वापरून संपलेली. एकच उरलेलं, ते उभं होतं, अर्धं, बूच नुसतं हातानं पिळलेलं. आठवडाभर पाऊस पडला होता, वर साचलेलं पाणी बुचातून आत झिरपलेलं. लॉर्न खूप शिव्या घालत होता. गाळायला गेला तर झाडाच्या खुंटीवर नरसाळं नाही. साठ्याचं नरसाळं कुणी नेतं का? त्यानं शर्ट काढला आणि शर्टातून गाळलं. मदलेन कण्हत होती. थांबायला वेळ कुठं होता?"

शर्टातून कचरा अडतो. पाणी अडत नाही. त्याला नमदा लागतो. आणि पेट्रोलमधून पाणी गेलं की इंजिन हवेत बंद पडतं.

"कुणी नेलं असेल ते नरसाळं?" एम्ब्रोजनं विचारलं. पण प्रश्न पुरा व्हायच्या आतच उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. ते त्याला नको होतं.

४

परत येताना त्यानं होडी खाडीच्या मध्यावर थांबवली. काठावरचे बर्च पिवळे पडले होते. विचार करायला त्याला एकटेपण लागे.

पहिली गोष्ट. इंजिन जोरात चालू असताना विमान पाण्यावर आदळलं तर दोन्ही पाती सारखीच वळतात. फिरता पंखा दोघांना सारखाच मार देतो. इंजिन मेलेलं असेल तर खालचं पातं मार खातं आणि वरचं सरळ राहतं. हे त्याच्यासारख्या कधी न उडालेल्या माणसालाही ठाऊक होतं, इतक्या वेळा त्यानं ते वैमानिकांच्या तोंडून ऐकलं होतं. मोडका पंखा दिसला की ही मंडळी आधी पाती बघतात, जसा कोळी माशाचे कल्ले बघतो.

मग काल त्यांनी काय पाहिलं? शेवाळ, शिंपल्या, रंग, गंज. स्टॅननं पातं हा शब्द काढला नाही. पर्सीनं नाही. गुन्नारनं तर पाहिलंच नाही म्हणून सांगितलं. ज्या एका गोष्टीवर ह्यांनी रात्रभर वाद घातला असता, तिच्याविषयी कुणीच काही बोललं नाही. एम्ब्रोजला त्या शेडमधली दोन मिनिटं दिसू लागली. टोप्या काढलेली म्हातारी माणसं. प्रत्येकाला एका नजरेत कळलेलं, की लॉर्न झिंगून आपटला नाही, त्याचं इंजिन हवेत बंद पडलं. तीस वर्षं ह्याच लोकांनी त्याच्या नावानं विनोद केले होते. नव्या पोरांना शिकवताना, "टीसडेल करू नकोस," म्हणायचे. मग एकानं कॉफीचं नाव काढलं आणि सगळे कॉफीला गेले.

म्हणजे चोर एक असला तरी गप्प सगळे होते.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. लॉर्न दारूनं गेला असं जर सगळ्यांनाच वाटत होतं, तर त्या उन्हाळ्यात पेट्रोलमधल्या पाण्याला घाबरायचं कुणाला काय कारण होतं? दारूला घाबरले असते. स्टॅननं खरोखरच वर्षभर सोडली होती. एकच माणूस पाण्याला घाबरला. त्या उन्हाळ्यापासून तो प्रत्येक थेंब गाळत आला, तोही अशा नरसाळ्यातून, ज्याच्या लाल रंगाखाली लॉर्नच्या कंपनीचा पिवळा होता.

आणि तिसरी गोष्ट स्वतः एम्ब्रोजच्या कानातली. दुसऱ्याच्या साठ्यातलं पेट्रोल अडीअडचणीला कुणीही घ्यावं, पण त्याच संध्याकाळी रेडिओवर सांगावं, असा ह्या मुलखाचा धर्म होता. लून तळ्याविषयी त्या दिवसांत कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते त्यानंच ऐकलं असतं.

त्यानं वल्हं मारलं. धक्क्याच्या टोकाला गुन्नार अजून तसाच बसलेला होता. सकाळपासून एक माणूस एका फळीवरून का हलत नाही, हे आता विचारायची गरज नव्हती. होडी जवळ आली तेव्हा त्याच्या दोन बुटांच्या मधे फळीतल्या कडीला बांधलेला दोर एम्ब्रोजला दिसला. दोर सरळ पाण्यात गेला होता.

५

"पर्सीनं दुसरं टोक धरलं," गुन्नार म्हणाला. त्यानं काहीच नाकारलं नाही. "सकाळी शेडकडे जाताना भेटला. म्हटलं, जरा हात लाव. त्यानं का म्हणून विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी कदाचित थांबलो असतो. चादरीची घडी तेवढी मी घातली."

"सोडून का दिला नाहीस? दोर कशाला?"

"सोडवेना." त्याचे जाड, डागाळलेले हात मांडीवर उताणे पडले होते. "दहा वेळा गाठीला हात घातला. तो तिथं आपल्या वजनानं ओढ देतोय असं वाटतं."

एम्ब्रोज त्याच्या शेजारी बसला. त्यानंही शाळेतल्या पोरासारखे पाय पाण्यावर सोडले.

"वादळ येत होतं," गुन्नार सांगू लागला. "माझं पेट्रोल संपत आलेलं, हिशेब चुकला होता. हॉलक्विस्टचा हिशेब चुकत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचो. अर्धं पिंप घेतलं. पाना सापडेना म्हणून बूच हातानं लावलं. हातानं लावलेल्या बुचावर अर्धं पिंप आडवं कसं करणार? गळून गेलं असतं. म्हणून उभं ठेवलं. म्हटलं, उद्या येऊन भरतो, कुणाला कळायचंही नाही. माझं स्वतःचं नरसाळं नेहमी सीटच्या मागं असायचं ना? ओतून झालं की हात आपोआप ते मागं फेकतो. तसंच साठ्यावरचंही फेकलं. घरी आल्यावर बघतो तर दोन. मग आठवडाभर धुकं आणि पाऊस. उघडल्यावर लॉर्न माझ्या आधी तिथं पोचला."

"रेडिओवर सांगितलं असतंस तर..."

"तर लॉर्न दुसऱ्या साठ्यावर गेला असता. माहीत आहे. मला तीस वर्षं माहीत आहे, एम्ब्रोज." त्यानं पाण्याकडे पाहिलं. "स्टॅननं एक विनोद केला असता. गुन्नारला भीक मागावी लागली, एवढंच. त्या एका विनोदाला मी भ्यायलो."

वरून सभेची घंटा वाजली.

"मी गेल्यावर सांग," गुन्नार घाईनं म्हणाला. "डॉक्टर म्हणतो फार दिवस नाहीत. तोवर पंखा इथं राहू दे. पोरीला म्हणावं, मत पुढच्या वर्षी घेऊ. भिंत कुठं पळून जातेय का?"

एम्ब्रोजला आयुष्यात कुणाला नाही म्हणणं जमलं नव्हतं. आताही त्याला वाटलं, हो म्हणून टाकावं, वाचनालयात जाऊन दार लावावं. पण मघाचा आल्फॉन्सचा चहा त्याच्या पोटात अजून कोमट होता.

"पोरगी पुढच्या वर्षी येणार नाही, गुन्नार," तो शेवटी म्हणाला. "आणि सकाळपासून गाव आल्फॉन्सला चोर म्हणतंय. मीही तेच धरलं. त्याच्या दारात जाऊन चौकशी केली. वर सभेत तुझ्यावतीनं मी काही बोलणार नाही, ते मला जमायचंही नाही. तू बोल. मी फक्त दोर ओढायला हात लावतो."

घंटा दुसऱ्यांदा वाजली. मग गुन्नारनं वाकून गाठ सोडली आणि दोराचं टोक एम्ब्रोजच्या हातात दिलं. आता तो सोडून देणं एम्ब्रोजच्याही हातात होतं. त्यानं ओढायला सुरुवात केली. थोड्या वेळानं दुसऱ्या दोन हातांनी त्याच्या पुढचा दोर धरला.

६

पंखा दिवाणखान्याच्या लांब टेबलावर ठेवला तेव्हा पाणी फळ्यांवरून वाहत पहिल्या रांगेच्या बुटांपर्यंत गेलं. कुणी पाय मागं घेतले नाहीत.

रूथ पुढं आली. पन्नाशीला टेकलेली, करड्या कोटातली, शाळेत शिकवणारी बाई. तिनं दोन्ही पात्यांवरून हात फिरवला.

"हे असं का?" तिनं विचारलं. "एक वाकलंय आणि एक नाही?"

इतका साधा प्रश्न. खोलीत त्याचं उत्तर ठाऊक असलेले डझनभर लोक होते. एम्ब्रोज भिंतीला टेकून उभा होता आणि एकेकाकडे पाहत होता. स्टॅननं आधी छताकडे पाहिलं, मग आपल्या टोपीत.

"इंजिन बंद होतं, पोरी," स्टॅन म्हणाला. "पडायच्या आधीच. आम्ही... मी काल बघितलं तेव्हाच कळलं मला."

"मलाही," पर्सी म्हणाला.

"मलाही," मागून कुणीतरी म्हणालं, आणि मग आणखी एक जण. प्रत्येक जण आधीच्यापेक्षा हळू आवाजात.

"काल कळलं?" रूथनं विचारलं. "मग सकाळी मला कुणी काही बोललं नाही. तुम्ही सगळ्यांनी मला कॉफी दिलीत."

गुन्नार उठला. त्यानं खुर्चीची पाठ धरली आणि धक्क्यावर सांगितलं तेच सांगितलं. पिंप, बूच, नरसाळं, रेडिओ. स्वतःची बाजू त्यानं कुठंच घेतली नाही. वादळाचाही उल्लेख गाळला. बोलून झाल्यावर तो बसला नाही, कारण बसायला कुणीतरी सांगावं लागतं आणि कुणी सांगितलं नाही.

रूथ पात्यावरचा हात काढून त्याच्याकडे वळली.

"मी लग्न झाल्यावर माहेरचं नाव मुलांनाही सांगितलं नाही," ती म्हणाली. "आजोबा कोण होते विचारलं की म्हणायचे, माहीत नाही. आईनं बाबांचा एकही फोटो ठेवला नव्हता. आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला, मिस्टर हॉलक्विस्ट. तुमच्या सगळ्यांवर. मी स्वतःच्या बापापेक्षा तुमच्यावर ठेवला." ती वर्गात बोलते तशीच बोलत होती. "आता मत घ्या. मला संध्याकाळचं विमान आहे."

डोरीनबाईंनी घसा साफ केला. "लॉर्न टीसडेल यांचं नाव भिंतीवर कोरावं, ह्या बाजूनं असलेल्यांनी हात वर करावेत."

एकही हात वर झाला नाही.

विरोध कुणाचाच नव्हता. स्टॅनचा हात मांडीवरून उठला आणि तिथंच परत पडला. ज्यांनी तीस वर्षं ते नाव बाहेर ठेवलं, त्यांनीच आता परवानगी दिल्यासारखा हात हलवायचा? प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहत होता, आणि काल शेडमध्येही त्यांनी नेमकं हेच केलं होतं.

रूथला ते कळलं असावं. "हात वर करायची लाज वाटत असेल," ती म्हणाली, "तर नुसते उभे राहा."

खुर्च्या सरकल्या. एक एक करत सगळी खोली उभी राहिली, गुडघे धरून, काठ्या टेकत. एम्ब्रोज आधीपासूनच उभा होता. त्याला काय करावं सुचेना, म्हणून तो भिंतीपासून सुटून सगळ्यांत येऊन उभा राहिला.

दाराजवळच्या बाकावर आल्फॉन्स मात्र बसलेलाच होता. तो केव्हा आला ते कुणी पाहिलं नव्हतं.

"आल्फॉन्स," डोरीनबाई चाचरत म्हणाल्या, "तुमचा... विरोध आहे का?"

म्हाताऱ्यानं नकारार्थी मान हलवली.

"मी कशाला उठू, बाई? मी तेव्हाच उभा राहिलो होतो. काठावर, मग साहेबांच्या टेबलासमोर. तेव्हा तुम्ही सगळे बसला होतात."

कुणी बसलं नाही. रूथ टेबलापासून निघाली, उभ्या माणसांच्या मधून दारापर्यंत गेली आणि बाकावर त्याच्या शेजारी बसली.